यंत्राचा खांदा

आयुष्यात मी दोनच गोष्टी मन लावून केल्या. यंत्रं उघडून पाहिली आणि माणसांना हसलो. पहिली विद्या अकोल्याला एका मोटार सर्व्हिसच्या कारखान्यात शिकलो. दुसरीला गुरू लागला नाही.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास मी तो कारखाना सोडून घरी आलो. आमचं गाव मेहकर-जानेफळ रस्त्यावरून कोसभर आत. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या दावणीला बांधलेला होता. पेट्रोलच्या कुपनासाठी मेहकरच्या तहसिलीत गेलं की कारकून नागपूरकडं बोट दाखवून मोकळा होई. अशा दिवसांत मी येताना सोबत बागेत चालणारा एक जुना, छोटा ट्रॅक्टर आणला. अमरावतीकडच्या एका बंगल्यातले साहेब विलायतेला परत निघाले, त्यांच्या बागेतलं सामान लिलावात निघालं, त्यात हा होता. वीस-बावीस वर्षांचं म्हातारं यंत्र. लोखंडी चाकं, एकाच सिलिंडरचं इंजिन, भोकं पाडलेली पत्र्याची बैठक. बैलगाडीत घालून ते गावात आणलं तेव्हा पारावरच्या एकानं विचारलं, की बैलांच्या जागी आणलेलं यंत्र बैलांनीच का ओढून आणलं. सगळे हसले. मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

तसा माझ्या रागाला कारण लागायचंच असं नाही. याच्या नाकावर माशी बसत नाही, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. दुसऱ्यावर हसणाऱ्याला स्वतःवर हसलेलं सहन होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

ट्रॅक्टरची खरी कसोटी आमच्या संत्र्याच्या बागेत होती. चार एकरांत तीन वर्षांची कलमं. पावसाळ्यात ओळींमध्ये गवत असं माजे की कलम शोधावं लागे. ते काढायला ओळीतून डवरा, म्हणजे कोळपं, फिरवायचा; त्याला डवरणी म्हणतात. कोरडवाहू शेतांसाठी आमच्याकडं वेगळी जोडी आणि वेगळा गडी होता. बागेसाठी ही एक शांत, तोंडाला मुसकं बांधून घेणारी जोडी होती. त्या उन्हाळ्यात तिच्यातला उजवा बैल साप चावून गेला. जोडी मोडली. राहिलेला बैल दावणीला उभा राहून शेजारच्या रिकाम्या जागेकडं मान वळवायचा.

त्या जोडीला हाकणारा आमचा सालदार होता. सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीनं राहणारा गडी. साठीच्या घरातला, बुटका, थोडा उजव्या पायावर झुकून चालणारा. मी चालायला शिकलो त्याच्या आधीपासून तो आमच्याकडं होता. मी त्याला मामा म्हणायचो. बायको वारलेली, एकुलती एक लेक जानेफळच्या पलीकडं दिलेली. गोठ्याच्या ओसरीवर त्याचं घोंगडं असायचं आणि तेच त्याचं घर होतं.

वडील मोजकं बोलायचे. त्यांनी ज्येष्ठातच निकाल सांगून ठेवला. पोळ्यानंतर पावसाची उघाड मिळेल, त्या उघाडीत ट्रॅक्टरनं बागेची डवरणी पुरी केली तर बैलाला जोडीदार घ्यायचा नाही, उरलेला बैल बाजारात जाईल आणि पाडव्याला मामाचं साल पुढं बांधायचं नाही. ट्रॅक्टर चालला नाही तर तो भंगारात, जोडीला एक खोंड घ्यायचा आणि मी अकोल्याला परत. हे त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. मामा नुसतं "हाव" म्हणाला. मीही मान हलवली आणि मनात म्हणालो, मामा, तुझं आता संपलं. वाईट वाटलं नाही असं नाही, पण आनंद त्याहून मोठा होता. खोटं कशाला सांगू.

पोळ्याआधी, श्रावणातल्या पहिल्याच उघाडीत तालमीसाठी ट्रॅक्टर बागेत घातला आणि क्लचनं दगा दिला. क्लच म्हणजे काय ते इथंच सांगतो. इंजिनाच्या मागं एक जड चाक फिरत असतं. त्याच्या पोटात खोलगट वाटी. त्या वाटीत नेमका बसेल असा एक लोखंडी शंकू, आणि शंकूभोवती चामड्याची पट्टी. स्प्रिंग तो शंकू वाटीत दाबून धरते, चामडं लोखंडाला पकडतं आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं की शंकू मागं सरकतो आणि ताकद सुटते. सगळा भार त्या चार बोटं रुंद चामड्यावर. आमचं चामडं इतकं जुनं होतं की जळून त्याचा पापड झाला होता.

विलायतेतून सुटा भाग मागवायचा तर तो येईपर्यंत बागेचं रान झालं असतं. म्हणून मी गावातल्या मोट शिवणाऱ्याकडं गेलो. विहिरीतून पाणी ओढायची कातड्याची मोट तो अशी शिवायचा की थेंब गळायचा नाही. त्यानं सगळीकडं सारख्या जाडीचं कातडं निवडून दिलं. मी कागदाचा साचा करून पट्टी कापली, भिजवली, शंकूवर ताणून बसवली आणि तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकली. रिव्हेटांची डोकी वर राहिली तर तीच आधी लोखंडाला घासतात आणि चामड्याला पकडूच देत नाहीत, म्हणून ती खोल बुडवली. वर अकोल्याच्या मिस्त्रीनं शिकवल्याप्रमाणं एरंडेलाचा पुसट हात दिला, चामडं नरम राहावं एवढ्यापुरता.

हे काम चार दिवस चाललं आणि चारही दिवस मामा समोर उकिडवा बसून पाहत होता. त्याच्या जागी मी असतो तर त्या यंत्राकडं ढुंकून पाहिलं नसतं. तो मात्र प्रश्न विचारायचा. हे पाणी किती वेळा पितं, थकलं हे कसं कळतं, एका जागी फार दिवस उभं ठेवलं तर याचे पाय आखडतात का. मी तोंडावर हसायचो, आणि जेवायला बसलो की तेच प्रश्न त्याच्या आवाजात म्हणून दाखवून घरच्यांना हसवायचो. ओसरी तिथून दहा पावलांवर होती. त्याला ऐकू जात असेल, हा विचार मी केला नाही असं म्हणणार नाही. केला, पण थांबलो नाही.

एका दुपारी मी शंकू मांडीवर घेऊन रिव्हेट ठोकत होतो. मामानं वाकून शंकूच्या पोटात पाहिलं. मग त्यानं विचारलं, "भाऊ, याचा खांदा कोठी?"

मी शंकूवर थाप मारली. "हा काय खांदा. सारी ओढ याच्यावरच येते. हा गेला का मशीन गेली."

तो पुढं सरकला आणि त्यानं चामड्यावरून अंगठा फिरवला. नवीन आहे, ओढ लागंल त्याला, असं काहीतरी तो पुटपुटला. त्या रात्रीच्या जेवणाला मला नवा मासला मिळाला.

पोळ्याला तीन दिवस होते तेव्हा चाचणी घेतली. मागं डवरा जोडून दोन ओळी ओढल्या. चामडं असं धरलं की पेडल सोडताच ट्रॅक्टर शहाण्यासारखा चालू लागला, ना धक्का, ना कुरकुर. वडील बांधावर उभे होते. ते पूर्ण दोन ओळी होईपर्यंत उभे राहिले, आणि आमच्या घरात एवढं झालं म्हणजे पाठ थोपटली असं समजायचं. आभाळ भरून आलं म्हणून ट्रॅक्टर आणून गोठ्यात लावला. जागा एकच मोकळी होती, गेलेल्या बैलाची. नवं चामडं ओल्या हवेत वाटीला चिकटून बसू नये म्हणून मी पेडल दाबून त्याला बाभळीचा टेकू दिला. त्यानं शंकू वाटीपासून बोटभर मागं राहतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी कुपनासाठी मेहकरला गेलो तो रात्र पडल्यावर आलो. पोळ्याच्या दिवशी आमचा एकटा बैल शिंगं रंगवून, झूल घालून मामासोबत तोरणाखाली जाऊन आला. आणि मी चार माणसांत जाहीर केलं, की यंत्राला पोळाही नाही आणि करही नाही. उद्या करीच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या विसाव्याच्या दिवशी सगळ्यांचे बैल बसतील, माझा ट्रॅक्टर बागेत चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. चारसहा जण मजा पाहायला आले. इंजिन दुसऱ्याच फिरकीला सुरू झालं. मी टेकू काढला, गिअर टाकला, पेडल हळूहळू सोडलं. इंजिन ओरडत राहिलं आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही. पेट्रोल वाढवलं; आवाज वाढला, चाक तसूभर सरकून थांबलं. डवरा काढून टाकला तेव्हा कुठं नुसतं यंत्र रडतखडत बागेपर्यंत गेलं. डवरा जोडला की पुन्हा तेच. क्लच घसरत होता. चार दिवसांपूर्वी पकडणारा क्लच, एक फूटही न चालता, उभ्या उभ्या घसरू लागला होता.

मी मिस्त्रीचं ऐकून ऐकून शहाणा झालेला, घाबरलो नाही. तो म्हणायचा, यंत्र खोटं बोलत नाही, आपण त्याला प्रश्न चुकीचा विचारतो. पहिला प्रश्न पेडलचा. पेडलची दांडी फार ताणलेली असली तर शंकू पूर्ण आत जात नाही. दांडी ढिली केली. फरक नाही. दुसरा प्रश्न स्प्रिंगचा. ती म्हातारी झाली असेल म्हणून तिच्यामागं दोन चकत्या घातल्या. पेडल दगडासारखं कडक झालं, क्लच तसाच. तिसरा रिव्हेटांचा. टेकू देऊन फटीतून आत पाहिलं. डोकी कुठं चमकत नव्हती. चामडं मात्र चमकत होतं. ते एरंडेल असेल म्हणून सोडून दिलं. पुढचा प्रश्न विचारायचा तर शंकू बाहेर काढायला हवा होता, म्हणजे मागचा सगळा सांगाडा सोडवायचा, म्हणजे अर्धा दिवस. लोकांसमोर तो उघडायची माझी तयारी नव्हती.

क्लच घसरला की चामडं तापून करपट वास येतो. त्या सकाळी तो आला नाही, उलट काहीतरी खमंग भाजल्यासारखा वास येत होता. पण करीचा दिवस. घरोघरी तव्यावर तूप होतं. वास कुठून येतो हे विचारावं असं मला सुचलंच नाही, आणि कारखान्यातल्या पोरांनी आजही हे ऐकलं तर ती माझी हजेरी घेतील.

दुपारपर्यंत पाहणारे पांगले. मी चिखलानं माखून घरी आलो. वडील ओसरीवर होते. काय बिघडलं असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही बिघडायचं कारण नाही, चाचणीपासून त्याला कोणी हातसुद्धा लावलेला नाही. त्यावर ते सहज म्हणाले, की पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मामा कंदील घेऊन ट्रॅक्टरपाशी बसलेला त्यांनी पाहिला होता.

मी डोक्यात राख घालून घेतली. सगळं एका क्षणात जुळलं. ट्रॅक्टर चालला तर कोणाचं साल तुटणार होतं? चार दिवस समोर बसून कोणी सगळं पाहून घेतलं होतं? सारी ओढ कशावर येते हे मीच माझ्या तोंडानं कोणाला सांगितलं होतं?

मामा गोठ्याबाहेर बैलाच्या शिंगांचा रंग ओल्या फडक्यानं पुसत होता. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काय केलं बे तू माह्या मशीनले? साल जाईन म्हनून?"

जन्मात त्याला तोंडावर कधी तू म्हणालो नव्हतो. त्यावर बे. बापाच्या वयाच्या माणसाला, सणाच्या दिवशी, शेजारपाजारी ऐकत असताना.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बैलाकडं पाहिलं. "हाव भाऊ," तो म्हणाला. "हात लावला मी."

एवढंच. काय केलं, कशासाठी केलं, काही नाही. मी वाट पाहिली. तो पुढं बोलला असता तर मी आणखी चार शब्द सुनावले असते. त्यानं उरलेलं शिंग पुसून पुरं केलं, फडकं पिळून वाळत घातलं, घोंगडं खांद्यावर टाकलं, आईला दारातून हात जोडले आणि जानेफळच्या वाटेला लागला. बैल हंबरला. मामानं मागं वळून पाहिलं नाही.

दिवे लागल्यावर वडील म्हणाले, "म्हाताऱ्याले करीच्या दिवशी घराबाहेर काढलं तू. आता ते यंत्र चाललंच पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी ट्रॅक्टर सोडवायला बसलो. खिळे टाकले असतील, वाळू टाकली असेल, रिव्हेट उपटले असतील. पुरावा हातात घेऊन गावभर दाखवायचा, असं माझं ठरलेलं. शंकू बाहेर आला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. चामडं सगळीकडून सारखं पिवळं झालं होतं आणि त्याला तुपाचा वास येत होता. एका रिव्हेटच्या खळगीत पळसाच्या पानाचा नखाएवढा तुकडा चिकटून बसला होता.

मी खालीच बसलो. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्याला कोमट पाणी लावायचं, मग पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. लहानपणी मी स्वतः मामाच्या शेजारी उभा राहून ते म्हटलेलं आहे.

शंकू घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आईनं तो पाहिला आणि तिला काही सांगावं लागलं नाही.

"दोन वाट्या नेल्या त्यानं तुपा-हळदीच्या," ती म्हणाली. "म्या म्हनलं, बैल तं एकच हाये. तं म्हने, बाई, जोडी हाये न. एकट्याचा खांदा शेकला तं त्याले वाईट वाटंल."

मला रडू आलं. ते लपवायला मी पुन्हा गोठ्यात गेलो आणि चामडं धुवायला घेतलं, कारण हातांना दुसरं काही येत नव्हतं. कुपनाचं मोलाचं पेट्रोल ओतून दोनदा धुतलं. वरचं तूप गेलं. शंकू बसवला, इंजिन सुरू केलं, ट्रॅक्टर वीस पावलं झकास चालला आणि पुन्हा घसरला. उघडून पाहिलं तर तापलेल्या चामड्यातून तूप घामासारखं वर आलं होतं. फटीतून, पानानं, कोमट तूप इतकं निगुतीनं जिरवलं होतं की ते आरपार गेलं होतं. मोट शिवणारा म्हणाला, नवं कातडं माझ्याकडं आता दिवाळीशिवाय नाही. उघाड तर पाच-सहा दिवसांची असते.

तिसऱ्या दिवशी मी जानेफळच्या वाटेला लागलो. मला माफी मागायची होती की चामडं सुधारून घ्यायचं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मोट हाकण्यात आणि तिचं कातडं राखण्यात मामाचा जन्म गेला होता, हे मला ठाऊक होतं.

लेकीच्या अंगणात तो अंबाडीचा दोर वळत बसला होता. लेकीनं पाणी दिलं आणि ती आत गेली. तिनं मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, की शंकू उघडला, आईनं सगळं सांगितलं, माझं चुकलं. तो दोर वळत राहिला. मग मी विचारलं, की मी एवढं बोललो तेव्हा हे सांगितलं का नाही.

"सांगतलं असतं तं तुमी हसले असते," तो म्हणाला. "मले हसा न, मी कवाचा ऐकून राह्यलो. पन बैल उभा होता तेथी, त्याच्यासमोर नाई."

मी हसलोच असतो. गावभर सांगून वर्षभर हसलो असतो. चोर म्हणवून घेणं त्याला त्याहून सोपं वाटलं होतं.

दोराला आणखी एक पीळ देऊन त्यानंच विचारलं, की यंत्र आता चालतं का. मी म्हणालो, नाही, कातडं तूप प्यायलंय, धुऊन निघत नाही. त्यानं दोर बाजूला ठेवला. किती आत गेलंय, कातडं कडक झालंय की लिबलिबीत, असं विचारून घेतलं, आणि राखेनं निघेल असं म्हणून तो घोंगडं उचलायला उठला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, मामा, ते नाही चाललं तर वडील खोंड घेतील. तुमचं साल पुढं चालंल. तुमी काऊन येता?

"माह्या हातानं बिघडलं ते तसंच ठेवू, अन् त्याच्यावर भाकर खाऊ काय?" तो म्हणाला.

वाटेत तो पुढं, मी मागं.

घरी आल्यावर त्यानं आधी बैलाच्या पाठीवर हात फिरवला, मग कामाला लागला. गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ केली, तव्यावर हाताला सोसवेल इतकी गरम केली, चामड्यावर थापून वरून फडकं घट्ट आवळलं. तासाभरानं सोडलं तर राख पिवळी, ओलसर. ती झटकून नवी. मोटेनं तेल जास्त प्यालं की असंच काढतात. असं दोन दिवस चाललं. शेवटी भिंती सारवायची पांढरी माती बारीक चाळून चोळली आणि तीही कापडानं पुसून काढली. चामडं कोरडं झालं, तरी वाळून कडक झालं नाही. अकोल्याच्या मिस्त्रीला हे जमलं नसतं, असं मी मोठ्यानं म्हणालो. मामानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शंकू मी बसवला. डवरा जोडला, पेडल सोडलं आणि ट्रॅक्टर निघाला. क्लचनं असं धरलं की मला पाठीत त्याची ओढ जाणवली. पहिली ओळ, दुसरी, पाचवी. गवत उपटून दोन्हीकडं पडत होतं, कलमं मोकळी होत होती, आणि मी त्या भोकांच्या बैठकीवर गाणं म्हणत होतो. त्या दिवसाइतका सुखी मी फार थोड्या वेळा झालो असेन. मामा आणि बैल बांधावर उभे आहेत, हे मला दर वळणावर दिसत होतं.

उन्हं कलल्यावर मी शेवटची ओळ संपवली आणि बांधाशी येऊन इंजिन बंद केलं. वडील आले होते. त्यांनी ओळींकडं पाहिलं, खाली वाकून माती हातात घेऊन पाहिली, आणि म्हणाले, "खोंड सांगून ठेवला होता मंगळवारच्या बाजारात. नको म्हनून कळवतो." मग त्यांनी मुठीतली माती खाली सोडली. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा, ते कधी कोणाला विचारत नसत, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं पाहून विचारलं, "का घेऊनच टाकाचा? तुले काय वाटते?"

बाग माझी होती, यंत्र चाललं होतं, मी आता अकोल्याला जाणार नव्हतो. एक खोंड घेतल्यानं घराचं काही उणं होणार नव्हतं. घ्या, एवढंच म्हणायचं होतं. मामा चार हातांवर बैलाचं दावं धरून उभा होता आणि तो माझ्याकडं पाहत नव्हता.

बैल पुढच्याच मंगळवारी बाजारात गेला. मामानंच नेला, आणि रिकामं दावं गुंडाळून आणून खुंटीला लावलं. बोलला होता म्हणून साल त्यानं पुरं केलं, कामात कसूर केली नाही आणि माझ्याशी कधी वाकडा बोलला नाही. पाडव्याला लेकीकडं गेला तो पुन्हा आमच्या गावात आला नाही.

वडिलांनी विचारलं तेव्हा मी डवऱ्याच्या पातीत अडकलेलं गवत काढायला वाकलो होतो आणि मला नीट ऐकू आलं नाही, असं मी पुढं कैक वर्षं आईला, बायकोला आणि स्वतःला सांगत आलो. पातीत गवत नव्हतं.